पंचेचाळीस कुप्यांचा हिशेब

कपाशीवर फवारणी सुरू झाली की जालना जिल्ह्यात एक तक्रार हमखास कानी येते. "आमच्या माणसाला अर्ध्या तासात चाळीस इंजेक्शनं दिली. बरा व्हायचं सोडून तो बडबडायलाच लागला!" मग नातेवाईक चिडतात आणि रोग्याला घरी न्यायची भाषा करतात. पाठीवर पंप घेऊन फवारणारे बहुतेक रोजंदारीवरचे आपलेच भाऊ असतात, म्हणून या इंजेक्शनाविषयी लिहिणे आम्हांस गरजेचे वाटले. आम्ही डॉक्टर नव्हे, कारकून. पण हिशेब आम्हांला कळतो.

इंजेक्शनाचे नाव अ‍ॅट्रोपीन. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची औषधे ऑरगॅनोफॉस्फेट जातीची. ती कातडीतून, श्वासातून वा पोटातून अंगात गेली की लाळ गळते, घाम सुटतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. सर्वांत वाईट म्हणजे छातीत पाणी साठते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो. ते पाणी अ‍ॅट्रोपीन आटवते.

या औषधाचा ठराविक डोस नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या कुपीत 0.6 मिलिग्रॅम औषध असते. मोठ्या माणसाला शिरेतून सुरुवातीला तीन ते पाच कुप्या देतात. पाच मिनिटांनी छाती तपासायची. घरघर कायम असेल तर डोस दुप्पट. म्हणजे तीन, सहा, बारा, चोवीस. बेरीज करा : पंधरा मिनिटांत पंचेचाळीस कुप्या! यात डॉक्टरांची चूक नाही, शिकवलेली रीतच ही आहे. छाती स्वच्छ होऊन नाडी आणि रक्तदाबाचा वरचा आकडा 80 च्या वर गेला की दुप्पट करणे थांबते. मग एकूण दिलेल्या औषधाचा दहा ते वीस टक्के भाग दर तासाला सलाईनमधून चालू ठेवतात. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो.

आता बडबडीचे. धोतऱ्याचे बी खाल्लेला माणूस कसा बरळतो, हवेत हात मारतो, हे खेड्यात ठाऊक आहे. धोतऱ्यातही याच जातीचे द्रव्य असते. अ‍ॅट्रोपीन जास्त झाले की तेच होते. शिवाय ताप चढतो, लघवी तुंबते. अशा वेळी डॉक्टर सलाईन काही वेळ थांबवून पुढे कमी प्रमाणात सुरू करतात. त्यांना लगेच सांगावे. रोग्याला उचलून देवऋष्याकडे नेऊ नये.

शुद्धीवर आला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी आणण्याची घाईही नको. एक ते चार दिवसांत काहींची मान उचलेनाशी होते आणि श्वास थकतो. तिथे अ‍ॅट्रोपीन चालत नाही, श्वासाचे यंत्र लागते.

सगळ्याच विषांवर हे औषध चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. विंचूदंशावर पूर्वी ते देत, पण त्याने हृदयावरचा ताण वाढतो. त्या दंशावर प्राझोसिनची गोळी वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या देहेडचे. फवारणीची औषधेही नाना जातींची असतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तिथे अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली होती.

तेव्हा माणसाला वाऱ्याला आणा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि 108 ला फोन लावा. बाटली मालकाकडून मागून घ्या, रिकामी असली तरी. पंपात दोन औषधे कालवली असतील तर दोन्ही बाटल्या डॉक्टरांच्या हाती द्या.