पडका बुरूज, पाठमोरा फोटो

लाँग वीकेंडला मालवण गाठायचं, सुरमई थाळी हाणायची, होडीने सिंधुदुर्गावर जायचं आणि तटावर उभं राहून समुद्राकडे बघत पाठमोरा फोटो काढायचा. पण ही पोझ आपली नाही बरं का! कास्पर डेव्हिड फ्रिडरिख या जर्मन चित्रकाराने ती २०० वर्षांपूर्वीच फेमस केलीय. पडके मठ, धुकं, वठलेली झाडं आणि पाठमोरा एकटा माणूस, असा त्याचा खाक्या.

तिकडे इंग्लंडात जॉन कॉन्स्टेबलने १८२९ मध्ये ‘हॅडली कॅसल’ प्रदर्शनात मांडलं. किल्ला त्याने पाहिला होता १८१४ मध्ये. मोठं चित्र झालं ते बायको मारिया गेल्यावर. तो तडकलेला बुरूज बघताना आजही पोटात कालवतं. मला हे चित्र जाम आवडतं.

गडबड होते ती हाच चष्मा लावून आपले किल्ले बघताना. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले. म्हणजे अवशेष करणारा साहेब, आणि अवशेषांवर उसासे टाकणाराही साहेबच!

सिंधुदुर्ग तर या फ्रेममध्ये बसतच नाही. १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू झालं, १६६७ मध्ये पुरं झालं. सुमारे ३ किलोमीटरचा नागमोडी तट. आत शिवराजेश्वराचं मंदिर, तिथे आजही पूजा होते. चहूकडे खारं पाणी, आणि मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! आणि मुख्य म्हणजे आत घरं आहेत, माणसं राहतात. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात, समुद्र अगदी फ्रिडरिखला हवा तसा खवळतो. आतल्यांना मात्र तेव्हाही किराणा लागतो, दवाखाना लागतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यात सिंधुदुर्गही आहे. तटाचा दगड निसटला की आपल्याला ‘काय मूड आहे यार’ वाटतं. आत राहणाऱ्याला लाट आणखी जवळ आल्यासारखी वाटत असणार. म्हणून माझं मत डागडुजीला, चुन्यातल्या, नीट केलेल्या. भले फोटो थोडा कमी रोमँटिक येवो.

आणि हो, माडांमागचं कौलारू घर टिपायचं असेल, तर आधी विचारा. कुणाचं तरी अंगण असतं ते.