बोंड लाल, म्हणून रक्त वाढत नाही

शेताच्या धुऱ्यावर, पडीक जमिनीत, गावाबाहेरच्या टेकाडावर फड्या निवडुंग उभा असतो. नागपूरकडे त्याला नागफणीही म्हणतात. त्याची लालजांभळी बोंडे खाऊन ओठ आणि जीभ रंगवण्याचा उद्योग गुराख्यांच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. बाजारात मात्र त्याला कधी किंमत नव्हती. आता हेच बोंड बाटलीत शिरले आहे. सौराष्ट्र-कच्छमध्ये त्याला फिंडला म्हणतात. त्याचे सरबत ‘हिमोग्लोबिन वाढवणारे’ म्हणून ऑनलाइन विकले जाते आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती पाहून लोक धुऱ्यावरची बोंडेही तोडू लागतात.

फळ वाईट नाही. पण ज्या विदर्भात रक्तक्षय आणि सिकलसेल हे दोन्ही घरोघरचे दुखणे आहे, तिथे हा दावा तपासून घ्यावा लागतो.

बोंडाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा. बीटही त्यामुळेच लाल असते. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमधल्या लोहाशी जोडलेला आहे. या दोन रंगांचे एकमेकांशी काही नाते नाही. १०० ग्रॅम बोंडात लोह असते सुमारे ०.३ मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार २९ मिलिग्रॅम, म्हणजे निव्वळ बोंडांवर ती भागवायची तर रोज नऊ-दहा किलो गर खावा लागेल. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ‘क’ जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते हे खरे, पण त्यासाठी नागपूरच्या माणसाने निवडुंगाकडे जायचे कारण काय? संत्र्यात ते बोंडाच्या तिपटीहून जास्त असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांच्यापैकी एखादीने गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या बाजूला ठेवल्या आणि सरबत सुरू केले, तर दोन-तीन महिने हातचे जातात. गरोदर बाईला तेवढी उसंत नसते.

सिकलसेलचे गणित तर वेगळेच. तिथे हिमोग्लोबिन कमी असते ते मुख्यतः तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात उलट लोह साठत जाते. त्याला गरज असते ती फॉलिक अॅसिडची, भरपूर पाण्याची आणि डॉक्टरांनी लिहिले असेल तर हायड्रॉक्सीयुरियाची. सरबताने अपाय होईलच असे नाही, पण सरबताच्या भरवशावर हायड्रॉक्सीयुरिया थांबवले तर वेदनेचे झटके परत येतात.

दुसरा घोळ नावाचा आहे आणि तो जास्त धोक्याचा. मराठीत ‘निवडुंग’ म्हणून दोन अगदी वेगळ्या कुळांतल्या वनस्पती ओळखल्या जातात. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा, समुद्रमार्गे युरोपीयांबरोबर इकडे आलेला. मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसला आहे तो याच जातकुळीच्या झाडावर. त्यामुळे जुन्या संस्कृत ग्रंथांत तो असणे शक्यच नाही. तिथली स्नुही म्हणजे आपला चिकाचा थोर, तीनधारी निवडुंग. चरकसंहितेने त्याच्या चिकाची गणना तीव्र रेचकांत केली आहे. ‘निवडुंग आयुर्वेदात सांगितला आहे’ हे वाक्य फड्याच्या बाटलीवर लावणे चूक आणि त्या वाक्यावर विसंबून थोर तोडणे घातक. खूण सोपी आहे: कापल्यावर पांढरे दूध आले, तर ते तोंडात घालायचे नाही. तो चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवून मेडिकल किंवा मेयोचा नेत्र विभाग गाठावा.

बोंडे खायचीच असतील तर हौसेने खावीत, पण रीतीने. मोठ्या काट्यांची भीती सगळ्यांना असते. खरा त्रास देतात ती केसांसारखी बारीक कुसळे. त्यांना उलटे दाते असतात. चिमट्याने बोंड तोडावे, गवतात किंवा वाळूत लोळवावे, विस्तवावर सगळीकडून भाजून घ्यावे. मग दोन्ही टोके कापून, उभी चीर देऊन साल सोलावी. टोकाच्या खळग्यातला कुसळांचा झुपका राहता कामा नये. रस दाट फडक्यातून गाळावा. कुसळे बोटात रुतलीच तर तोंडाने ओढू नयेत आणि चोळूही नयेत. आधी चिमट्याने निघतील तेवढी काढावीत, उरलेल्यांवर फेविकॉलचा पातळ थर देऊन गाज चिकटवावे आणि वाळल्यावर सोलून काढावे. बिया कडक असतात. मुलांनी एका बैठकीला मूठभर बोंडे बियांसकट खाल्ली तर त्यांचा गोळा होऊन शौचाची वाट अडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. लघवी लालसर झाली तर घाबरू नये, तो बीटासारखाच रंग.

मेक्सिकोत कोवळ्या फण्यांची भाजी करतात. ती भेंडीसारखी बुळबुळीत लागते. भाजलेल्या फण्यांनी मधुमेहींची साखर काही तास उतरल्याचे तिथल्या अभ्यासांत दिसले, पण माणसे थोडी होती आणि जातही आपल्या धुऱ्यावरची नव्हती. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने असे प्रयोग डॉक्टरांना न सांगता केले तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. फण्यांत ऑक्झलेट बरेच असते; मूतखडा झालेल्यांनी त्या टाळाव्यात.

खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असा दावा जाहिरातीत करायला २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. तरीही ‘रक्तवाढीचे’ सरबत उघड विकले जाते. अन्न व औषध प्रशासनाने या बाटल्यांचे लेबल वाचायला काय हरकत आहे? आणि आशाताईंनी घरभेटीत गोळ्या घेता का, एवढ्यावर न थांबता त्यांच्याऐवजी आणखी काही सुरू केले आहे का, हेही विचारावे.