पाटा वाढवू नका, आधी बुश बघा



आजची नोंद वावरातली नाही, शेडमधली आहे. टोमॅटोचा सीझन तोंडावर आला की आमच्याकडं एक ठरलेला सल्ला फिरतो. गाडी मागून बसली? दोन पाटे वाढव. खड्ड्यात आदळते? पाटे वाढव. खडखड वाजते, एका अंगाला कलते? पाटे वाढव. डोकं दुखलं तरी पाटेच वाढवायला सांगतील अशी परिस्थिती आहे.

माझं मत सरळ सांगतो. जुन्या पिकअपला पाटे वाढवणं हा इलाज नाही. ते दुखणं झाकणं आहे, आणि त्या झाकलेल्या दुखण्याची किंमत दुसराच कुणीतरी भरतो. मी हा सल्ला ऐकलेला माणूस आहे, म्हणून बोलतोय.

तीन वर्षांपूर्वी माझी गाडी मागून वाजायला लागली. गाडी तेव्हाच चौदा वर्षांची होती. मिस्त्रीकडं नेली. त्यानं खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. म्हणला, "दादा, दोन पाटे टाकू, मग बघा कशी पळते." 3,200 रुपये दिले. गाडी मागून वर आली, दिसायला झकास. नव्वद क्रेट भरले तरी बसेना. मी खूश.

महिनाभरानं तोडणीच्या बायकांना घरी सोडायला निघालो होतो. मागं नऊ जणी. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत आहे, आणि आपण सगळे बसवतो. पावसाची भुरभुर होती, उताराचं वळण, रस्त्याला बारीक बारीक लाटा. ब्रेक मारला आणि गाडीचं मागचं अंग उड्या मारत बाजूला सरकलं. चारी सोडून बांधाला टेकलो. एका मावशीचं मनगट मोडलं. दीड महिना त्यांचा हात गळ्यात होता. दवाखाना मी केला, रोज मी भरला. पण त्यांना पुढचं सगळं वर्ष त्या हातानं भाकरी थापता आली नाही. ते कशानं भरणार?

तेव्हा मी रस्त्याला, पावसाला शिव्या दिल्या. खरं कारण मागच्या हाऊसिंगवर बसलं होतं, आणि ते मीच पैसे देऊन बसवलं होतं.

आता कारण समजून घ्या. पाट्याचं काम भार पेलायचं. शॉकअपचं काम भार पेलायचं नाही, पाट्याची उसळी थांबवायचं. माझे शॉकअप कधीच मेलेले होते, एकाला तर तेल सुटलेलं. तशात पाटे वाढवून मागची बाजू कडक केली. शंभर क्रेटसाठी कडक केलेल्या पाट्याला नऊ बायकांचं वजन कळतसुद्धा नाही. पाटा दबत नाही, मग चाक उडतं. उडालेल्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय? टायर रस्त्याला टेकलेला असेल तरच ब्रेकला अर्थ आहे.

दुसरं. पाटा वाढवला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. गाडी बसायची थांबते, एवढंच. तो भार चासीच्या हँगरवर, बेअरिंगवर, टायरवर आणि ब्रेकवर तसाच पडतो. आरसी काढून बघा. भारासह वजनातून रिकामं वजन वजा करा, ती तुमच्या गाडीची खरी ऐपत. माझी सव्वा टन येते. भरलेला क्रेट धरा 22 किलो. म्हणजे 57 क्रेट. मी भरत होतो नव्वद, म्हणजे जवळजवळ दोन टन. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. नारायणगावच्या मार्केटला एक खेप वाचवायला आपण हा जुगार खेळतो.

तिसरं, मालाचं. कडक गाडीत खालच्या थराचे टोमॅटो मार खातात. मार्केटला पोचेपर्यंत क्रेटला पाणी सुटतं आणि व्यापारी बोट दाखवून भाव पाडतो. आपण व्यापाऱ्याला शिव्या देतो. अर्धी शिवी आपल्या पाट्याला द्यायला पाहिजे.

अपघातानंतर मी गाडी शेडमध्ये घेतली आणि पहिल्यांदा नीट खाली शिरलो. जे सापडलं ते सांगतो. पाट्याच्या डोळ्यातले रबरी बुश झिजून पार गेलेले, पिन लोखंडावर घासत होती. खडखड तिथून येत होती. पाट्याच्या मागच्या टोकाचं शॅकल गंजून जाम. हे शॅकल कशाला असतं? पाटा दबला की लांब होतो, त्याला मागं सरकायला जागा लागते. शॅकल जाम झालं की पाटा सरकत नाही, गाडी दगडासारखी लागते, आणि मुख्य पाटा डोळ्याजवळ तुटतो. यू-बोल्टचे नट ढिले. यू-बोल्ट ढिला राहिला की सगळा ताण मधल्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की हाऊसिंग जागचं हलतं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

म्हणजे चार दुखणी होती, आणि चारींवर मिस्त्रीचा एकच काढा.

लोक म्हणतात, हे घरी होत नाही, मिस्त्रीचं काम आहे. अहो, आपण विहिरीतली मोटर काढून बसवतो, रोटाव्हेटरची पाती बदलतो, फवारणीचा पंप डोळे झाकून खोलतो. चार बोल्ट आणि सहा बुशला घाबरायचं? घाबरायचं ते एकाच गोष्टीला, वजनाला. म्हणून क्रम सांगतो.

जमीन सपाट आणि कडक पाहिजे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. चासीखाली लोखंडी घोड्या, हाऊसिंगखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर टेकवलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, बाकी सगळं विसरा पण हे विसरू नका. हाऊसिंग हळूहळू खाली सोडायचं, पाट्यावरचा ताण जाईपर्यंत. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, बघत राहायचं. एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवा. पाट्याला गॅसची नळी लावू नका. पाट्याचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं, तापवलं की ते पाणी उतरतं. तुटलेला पाटा वेल्डिंग करून चालवणं म्हणजे तर फसवणूक आहे, तो वेल्डिंगशेजारीच पुन्हा तुटतो. जुना बुश लांब आट्याचा रॉड, वायसर आणि पान्याचे दोन सॉकेट घेऊन दाबून काढता येतो. नवीन रबरी बुश बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगून खराब होतं. साबणाचं पाणी लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे घाईत मिस्त्रीसुद्धा चुकतात. पिनांचे नट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा हलवा, मग आवळा. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. मग आपणच म्हणतो, बुश डुप्लिकेट निघाला. यू-बोल्ट नवीनच टाका, आडवे-तिडवे एकसारखे आवळा, आणि दोन-तीन भरलेल्या खेपा झाल्या की पुन्हा पाना लावा. शॉकअप जोडीनं बदला, एक जुना एक नवा नको.

मला दोन दिवस लागले, मदतीला पुतण्या होता. बुश, पिना, यू-बोल्ट, दोन शॉकअप मिळून 4,600 रुपये. वाढवलेले दोन्ही पाटे काढले. ते आता गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून चांगलं काम करतात.

सगळंच घरी करा असं मी म्हणत नाही. माझ्या गाडीला पुढं कॉइल स्प्रिंग आहे. दाबलेली कॉइल सुटली तर माणूस मारते, तिला हात लावायचा नाही. हँगरजवळ चासीला चीर दिसली तर चांगला कारागीरच गाठायचा. आणि पाट्याची कमानच बसली असेल, तर दोन्ही बाजूंना कंपनीच्या मापाचे पाटे टाका. मापाचे बदला, वाढवू नका. यात फरक आहे.

एक जण मला म्हणाला, "तू 57 क्रेट ने, आम्हाला डिझेल परवडत नाही." मान्य आहे, दोन खेपांना डिझेल जास्त लागतं. मीही हिशोब करतो, दात-ओठ खाऊन करतो. गर्दीच्या दिवसांत शेजाऱ्याच्या गाडीत माल वाटून टाकतो, त्याच्या वेळी तो माझ्या गाडीत. जमत नाही तेव्हा दुसरी खेप मारतो. पण मावशींच्या मनगटाचा आकडा त्या हिशोबात कुठं धरायचा, ते मला कुणी सांगत नाही.

तोडा सुरू व्हायच्या आत अर्धा तास काढा. शॅकलमध्ये पहार घालून हलवा, खेळ दिसला तर बुश गेले. रिकाम्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर उभं राहून झोका द्या आणि उतरा, गाडी डुलतच राहिली तर शॉकअप मेले. यू-बोल्टला पाना लावा. मागच्या टायरवरून हात फिरवा, खड्डे-खड्डे लागले तर तेही शॉकअपचंच लक्षण.

एवढं बघा, मग कुणी पाटे वाढवायला सांगितलं तर त्याला आधी गाडीखाली शिरायला सांगा.

राम राम.