जांभळाची बी आणि डॉक्टरांची गोळी

पहिला पाऊस पडतो, बाजारात जांभळांचे वाटे दिसू लागतात आणि त्याच आठवड्यात मोबाइलवर तोच जुना मेसेज फिरायला लागतो. जांभळाच्या बियांची पूड घ्या, शुगर मुळापासून जाईल! सोबत कारल्याचा रस, आवळ्याचा रस, दुधीचा रस. महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत हाच विषय. 'अहो ताई, नैसर्गिकच आहे ना, मग अपाय कसला?' हा प्रश्न तर मला दर बैठकीत ऐकायला मिळतो.

प्रश्न साधा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे आपल्या आळीत प्रत्येक चार-पाच घरांमागे कुणी ना कुणी असणारच. एवढं मोठं गिऱ्हाईक असल्यावर औषधं विकणारेही येणार आणि चमत्कार विकणारेही.

आपण बायका या चमत्कारांना का भुलतो? आळशी किंवा अडाणी आहोत म्हणून नव्हे. घरात पैशाची ओढ लागली की पहिली काटछाट होते ती बाईच्या औषधांत. सासऱ्यांच्या गोळ्या चुकत नाहीत, मुलाची फी चुकत नाही. तिची गोळी मात्र 'पुढच्या महिन्यात आणू' यावर जाते. त्यात 'एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही' ही भीती. अशा वेळी अंगणातल्या झाडाची फुकट बी म्हणजे आधारच वाटतो. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी असंच केलं. चार महिने गोळ्या बंद, रोज सकाळी चमचाभर पूड. काही त्रास होत नव्हता म्हणून तपासणीही नाही. पायाच्या अंगठ्याला झालेली साधी जखम भरेना तेव्हा रक्त तपासलं, तर साखर तीनशेच्या पुढे. शेवटी अंगठा गमवावा लागला.

मग जांभळात काहीच नाही का? तसंही नाही. आयुर्वेदात जांभळाच्या बीचा उल्लेख आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही गुण दिसलेही आहेत. पण माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. ब्राझीलमध्ये मधुमेहींना जांभळाच्या पानांचा चहा देऊन चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या गोळीने साखर उतरली, चहाने नाही. कारल्यावरच्या चाचण्यांचा आढावा २०१२ साली घेतला गेला, त्यातही ठोस पुरावा सापडला नाही. वनस्पतींशी कुणाचं वैर नाही. आज सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी एका युरोपीय वनस्पतीवरूनच सुचली. पण त्या वनस्पतीतलं मूळ द्रव्य विषारी ठरलं. त्याच्या नात्यातलं सुरक्षित रसायन शोधून, मात्रा ठरवून मगच ती गोळी झाली. पूड आणि गोळी यांत फरक आहे तो या तपासणीचा.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा तर मोठाच गैरसमज. २०१० साली दिल्लीत मधुमेह असलेल्या एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा कडू रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर तज्ज्ञांच्या समितीने स्पष्ट सांगितलं, दुधी कडू लागला तर रस पिऊच नका. उलट बाजूही आहे. गोळ्या चालू ठेवून वरून कारल्याचा रस प्यायलात, तर काहींची साखर एकदम खाली उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. ज्यांना इन्सुलिनशिवाय चालत नाही, त्यांनी ते बंद करणं तर थेट जिवावर बेततं.

कायदा आहे की नाही? आहे ना! १९५४ च्या औषधे व जादुटोणादी उपाय कायद्यानुसार मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून पतंजलीला फटकारलं, तेव्हा कंपनीला वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. पण मोबाइलवरच्या मेसेजला ना छापणारा, ना मालक. तिथे न्यायालय पोचत नाही, तिथे आपल्यालाच चाळणी लावावी लागते. एखाद्या पाकिटावर किंवा जाहिरातीत 'मधुमेह मुळापासून बरा' असं दिसलं, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

मग फळं खायची की नाही? जरूर खावीत, पण फळ म्हणून. जांभूळ, पेरू, पपई, संत्रं बेताने आणि चावून खा. रस काढला की चोथा जातो आणि साखर भराभर रक्तात उतरते. आमरस-पुरीच्या ताटावर आंब्याच्या दोन वाट्या चढवून वर जांभळाची पूड घेतल्याने हिशेब बरोबर होत नाही. आंबा खायचाच असेल तर एखादी फोड, आणि त्या जेवणात पोळी-भात कमी.

मैत्रिणींनो, पुरावा हवा असेल तर तो आपल्याच रक्तात मिळतो. एचबीएवनसी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली तर तो मधुमेह समजतात. तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, गोळ्याही मिळतात. विकत घ्यायच्या तर जनऔषधी दुकानात स्वस्त पडतात. आशाताईंना विचारा, त्या सांगतील. पूड घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गरोदर लेकी-सुनांची साखर तर आवर्जून तपासून घ्या.

या महिन्यात बचत गटाची बैठक असेल तेव्हा कर्जाच्या हप्त्यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारा. किती जणींनी गेल्या वर्षभरात स्वतःची साखर तपासली? ज्यांचे हात वर जाणार नाहीत, त्यांना बरोबर घेऊन आरोग्य केंद्रात जा.