मीठ साचले की रान पडीक

पावसाळा सरला की बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गळीत हंगामाची लगबग सुरू होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या गव्हाणीत विधिपूर्वक उसाची पहिली मोळी पडते. त्यानंतर काही आठवड्यांतच आम्हीही आमच्या घरांत आणि देवळांत एक गव्हाण सजवतो. गवत अंथरतो, तारा टांगतो, बाळ येशूला निजवतो. या दोन गव्हाणींमधले अंतर फार नाही. तरीही आम्ही ते चालून जात नाही. गव्हाणीत निजलेल्या प्रभूचे आम्ही अनुयायी. पण त्या दुसऱ्या गव्हाणीपर्यंत ऊस पोहोचवणाऱ्या एका तरी माणसाचे नाव आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ख्रिस्ती माणसाचे जीवन जगात वेगळे दिसले पाहिजे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मात्र या वेगळेपणाचा आम्ही सोयीचा अर्थ लावला. आमची नावे वेगळी, आमचे सण वेगळे, आमची लग्ने वेगळी, मुलांच्या शाळांविषयीच्या आमच्या अपेक्षा वेगळ्या! एवढ्याने वेगळेपण सिद्ध होत असेल, तर प्रत्येक जातीचे आणि प्रत्येक पंथाचे वेगळेपण केव्हाच सिद्ध झाले आहे. त्यासाठी ख्रिस्ताला क्रुसावर जाण्याची गरज नव्हती. दुसऱ्या शतकाच्या सुमारास डायोग्नेटस नावाच्या गृहस्थाला लिहिलेले एक पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती लोक भाषा, पेहराव, गाव यांवरून ओळखू येत नाहीत, ते वागणुकीवरून ओळखू येतात, असा त्या अनामिक लेखकाचा आशय आहे. आमचे नेमके उलटे झाले आहे. आम्ही नावावरून लगेच ओळखू येतो, वागणुकीवरून येत नाही. उचल देताना, मजुरी कापताना, हुंड्याची बोलणी करताना आम्ही चारचौघांसारखेच असतो.

प्रभूने आपल्या शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले. या उपमेचे मर्म आमच्या भागातील शेतकऱ्याला पंडितापेक्षा अधिक कळावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, पाणी आले, ऊस आला. परंतु निचऱ्याची सोय न करता भरमसाट पाणी दिल्याने जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढली आणि त्याबरोबर क्षार वर आले. नीरेच्या खोऱ्यातील चांगली काळी राने खारवटून पडीक झाली. कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी 1910 साली या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, इतका हा प्रश्न गंभीर होता. भाजीत विरघळलेले चिमूटभर मीठ चव आणते. एका जागी साचलेला क्षार मात्र रान मारतो. आम्ही आमच्यातच साचलो आहोत. रविवारी एकत्र, सणाला एकत्र, सहलीला एकत्र. आणि सोमवारी कारखान्यात, कचेरीत, शाळेत, दवाखान्यात असलो काय नि नसलो काय, कोणाला फरक पडत नाही. विरघळायचे आहे ते याच ठिकाणी.

ऊसतोड कामगारांकडे पाहा. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ही कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. खाडा झाला तर दंड. बिऱ्हाड पाचटाच्या कोपीत, आणि लेकरांची शाळा निम्मे वर्ष बुडालेली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकल्याचे 2019 साली शासकीय समितीसमोर आले. खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा अवयव परवडत नाही, अशी ही व्यवस्था आहे. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, हे खरे. पण ती संघटना आणि संपाच्या इशाऱ्यानंतर झाली, आमच्या प्रार्थनासभेतील कळवळ्यामुळे नव्हे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. ते पत्र आम्ही वाचतो, आणि मिस्सा संपल्यावर चहात साखर किती घालायची ते सांगतो.

यावर तीन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले: आपण मूठभर, आपल्याने काय होणार? 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत, हे आम्हीही जाणतो. पण मीठ चिमूटभरच असते. संख्या वाढल्यावर चव आणू, असे म्हणणाऱ्याला उपमाच कळलेली नाही.

दुसरे उत्तर: हे धर्मगुरूंचे आणि भगिनींचे काम. नाही! दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्र काढले, ते कशासाठी? वजनकाट्यापाशी, हजेरीपटापाशी, रुग्णाच्या खाटेपाशी धर्मगुरू नसतात. तेथे आपण असतो.

तिसरे उत्तर दबक्या आवाजात येते: मदतीला गेलो तर धर्मांतराचा आळ येईल. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण मजुराला त्याच्या तोडणीची पावती वाचून दाखवणे, आजारी बाईला अनावश्यक शस्त्रक्रियेपासून सावध करणे, पोराला जवळच्या शाळेत नेऊन बसवणे, यात कोणाचा देव बदलतो? हातात पत्रक न घेता गेलो, तर आळ घेणाऱ्यालाच पुरावा शोधावा लागेल.

या मातीत असे घडून गेले आहे. 1960 च्या दशकातील दुष्काळात 'कासा' या प्रोटेस्टंट बंधूंच्या संस्थेने बारामतीच्या जिरायती भागात पाझर तलावांच्या कामासाठी धान्य पुरवले. मजुरी म्हणून ते लोकांच्या घरी गेले आणि तलाव गावाला राहिला. भीक नव्हे, घामाचे मोल. 1948 साली स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी शेजारच्या नगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामाला आयुष्य दिले. तेथे अडवलेले पाणी कोणाचा धर्म विचारून जिरले नाही. मात्र ही नावे घेऊन आम्ही मिरवणार असू, तर ती न घेतलेली बरी. बापजाद्यांच्या मिठावर आजची भाजी खारी होत नाही.

दर वर्षी तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. ज्यांच्या घरी स्वतःला पुरेसे नाही, असे लोकही दारी आलेल्या वारकऱ्याला पाणी देतात, भाकरी वाढतात. त्यांच्यापुढे आम्ही नम्र व्हावे. ख्रिस्ती वेगळेपण म्हणजे इतरांहून श्रेष्ठ असणे नव्हे; जेथे कोणी जात नाही तेथे जाणे होय. वारीला वाट ठरलेली आहे. कोपीकडे जाणारी वाट अजून मळलेली नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. येत्या नाताळात आमच्या कुटुंबांनी कोपीवर जावे. केक वाटून परतण्यासाठी नव्हे, तर ओळख करून घेण्यासाठी आणि हंगाम संपेपर्यंत ती ठेवण्यासाठी. आमच्या परिचारिकांनी, शिक्षकांनी, कारकुनांनी आपल्या हातातले एकेक काम उचलावे. आणि ज्यांच्या रानात तोडणी चालते, त्यांनी आधी स्वतःच्या बांधावर पाणी आणि आडोसा आहे की नाही ते पाहावे. हे जमत नसेल तर गव्हाण सजवण्याचे कष्ट घेऊ नयेत. खारवटलेल्या रानाला चर खणून निचरा द्यावा लागतो, तेव्हा ते पुन्हा पिकते. आमच्या मंडळींनाही तो चर हवा आहे, आणि तो आपल्याच दारातून बाहेर खणावा लागेल.