रुग्णालयाचा केर कोणाच्या दारीं?

रुग्णालय हें रोग बरा करण्याचें ठिकाण होय, हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु तेंच ठिकाण रोग पसरविणारेंही होऊं शकतें, ही गोष्ट थोरामोठ्यांच्याही सहसा ध्यानांत येत नाहीं. आपण आजाऱ्यास पाहावयास जातों, खाटेशेजारीं घटकाभर बसतों, फळें ठेवतों आणि घरीं परततों. त्या खाटेजवळून दिवसभरांत काय काय उचललें गेलें, तें कोणीं उचललें आणि शेवटीं कोठें नेऊन टाकलें, हें आपण कधीं विचारलें आहे काय? माझ्या मतें हा प्रश्न एकट्या डॉक्टरांचा नव्हे, तो तुमचा-आमचाही आहे. आणि त्याचें उत्तर मोठमोठ्या भट्ट्यांत किंवा यंत्रांत फारसें सांपडावयाचें नाहीं. वस्तु ज्या क्षणीं हातांतून सुटते त्या क्षणींच निम्म्याहून अधिक काम साधतें किंवा बिघडतें.

ही काळजी कांहीं आजचीच नव्हे. सन १८५४ च्या नोव्हेंबरांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई क्रिमियाच्या युद्धांतील शिपायांची शुश्रूषा करण्यासाठीं तुर्कस्थानांत स्कुतारी येथें गेल्या. तेथें तोफगोळ्यांनीं जितके शिपाई मरत त्याहून कितीतरी अधिक हगवण, ताप, पटकी अशा रोगांनीं दगावत. बाईंनीं व त्यांच्या सोबतिणींनीं सेवेंत कसूर केली नाहीं. तरीही १८५५ च्या फेब्रुवारींत मृत्यूचें प्रमाण शेंकडा चाळिसांच्या वर गेलें. कारण त्या भव्य इमारतीच्या खालींच गटारें तुंबलेलीं होतीं. मार्चांत विलायत सरकारनें पाठविलेलें आरोग्यमंडळ आलें. त्यानें गटारें धुवून काढविलीं, कुजणारी घाण हलविली, हवा खेळती केली, आणि उन्हाळा येईतों मृत्यूचा आंकडा झपाट्यानें खालीं आला. पुढें बाईंनीं हेच आंकडे मांडून सरकारचे डोळे उघडले. निष्ठेनें केलेली सेवासुद्धां पायाखालच्या घाणीपुढें हरते, हें त्या आंकड्यांवरून दिसतें.

आतां गटाराइतकेंच महत्त्व कचऱ्याच्या पिशवीस आलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें रुग्णालयांतील शंभर किलो कचऱ्यांपैकीं सुमारें पंच्याऐंशी किलो आपल्या घरच्या केरासारखाच निरुपद्रवी असतो: कागद, खोकीं, फळांच्या सालीं, उरलेलें अन्न. धोक्याचा भाग काय तो पंधरा किलोंचा. परंतु रक्तानें माखलेला एक बोळा किंवा एक उघडी सुई त्या पंच्याऐंशी किलोंत पडली, कीं दुधांत मिठाचा खडा पडावा तशी गत होते. मग सगळाच ढीग विषारी मानावा लागतो, सगळाच जाळावा लागतो, आणि ज्याला तो उपसावा लागतो त्याचा जीव टांगणीस लागतो. म्हणजे कचरा वाढतो तो पुष्कळदां वस्तूंच्या संख्येनें नव्हे, मिसळण्याच्या आळसानें.

आपल्या देशांत यासंबंधीं १९९८ सालीं प्रथम नियम झाले व २०१६ मध्यें ते नव्यानें करण्यांत आले. त्यांत रंगांची योजना आहे. शरीराचे अवयव, रक्ताच्या पट्ट्या, मुदत संपलेलीं औषधें पिंवळ्या पिशवींत. नळ्या, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे असें प्लॅस्टिक तांबड्या पिशवींत. सुया व पातीं सहसा न भोंसकणाऱ्या पांढऱ्या डब्यांत. आणि कांचेचा माल निळ्या खुणेच्या खोक्यांत. असा कचरा प्रक्रियेवांचून अठ्ठेचाळीस तासांपेक्षां अधिक ठेवूं नये, आणि गांवच्या केरांत तर मुळींच मिसळूं नये, असेंही त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. योजना इतकी सोपी आहे कीं मराठी तिसरींतील मूलही ती एका दिवसांत शिकेल. तरीपण रात्रपाळीला एकाच परिचारिकेवर सारा वॉर्ड सोंपविला, किंवा पांढरा डबा खोलीच्या दुसऱ्या टोंकास ठेवला, म्हणजे हा रंगांचा खेळ मोडतो. अशा वेळीं दोष परिचारिकेच्या माथीं मारणें मला अन्यायाचें वाटतें. डबा हाताजवळ ठेवण्यास कोणता खर्च येतो?

ही हयगय किती महाग पडते, हें मोडासा येथें दिसून आलें. सन २००९ च्या प्रारंभीं गुजराथेंतील त्या गांवीं व आसपास हेपटायटिस-बी या काविळीची साथ उसळली आणि अनेकांचे प्राण गेले. एकदां टोंचलेल्या सुया व सिरिंजा पुन्हां वापरल्यानें ती पसरली असें आढळलें, आणि वापरलेल्या मालाचा चोरटा व्यापारही त्या वेळीं उजेडांत आला. सुई वापरतांच मोडून टाकावी, हा नियम ज्यांना किरकोळ वाटतो त्यांनीं या गांवाचें नांव लक्षांत ठेवावें.

कित्येक म्हणतात, “एवढी यातायात कशाला? मागील अंगणांत खड्डा खणून सारें पेटवून द्यावें.” हें म्हणणें वरवर पटण्याजोगें आहे; परंतु क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक मंद आंचेवर जळलें कीं त्यांतून डायॉक्सिन नांवाचीं अत्यंत घातक द्रव्यें निघतात. म्हणूनच नियमांनीं भट्टीच्या पहिल्या कोठडींत किमान ८०० अंश व दुसऱ्या कोठडींत सुमारें १०५० अंश सेंटिग्रेड उष्णता ठरवून दिली आहे. अंगणांतल्या खड्ड्याला ती कोठली? तेथें कचरा दिसेनासा होतो इतकेंच. तो धूर होऊन शेजारच्या घरांत शिरतो.

याच्या उलट दुसरी एक समजूत आहे, कीं प्रत्येक वस्तु एकदां वापरून फेंकली म्हणजेच स्वच्छता. सुई, सिरिंज, रक्ताची नळी यांच्या बाबतींत हें अगदीं खरें आहे, आणि तेथें काटकसर हा गुन्हाच होय. पण झगे, चादरी, धातूचीं हत्यारें यांचें काय? मदुरा येथील अरविंद नेत्ररुग्णालयाकडे पाहा. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनीं १९७६ सालीं अकरा खाटांवर तें सुरू केलें. तेथें कापडी झगे धुवून व वाफेनें निर्जंतुक करून पुन्हां वापरतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें, कीं तेथें मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागें सुमारें पाव किलोच कचरा होतो, आणि हवेंत जाणाऱ्या कार्बनी वायूंचा भार तर विलायतेंतील तशाच शस्त्रक्रियेच्या विसाव्या हिश्श्याइतका पडतो. रोग्यांना गुण मात्र तितकाच उत्तम येतो. आपल्या आजीबाईंची ‘धुवून वापर’ ही शिकवण, तिला शास्त्राची व वाफेची जोड मिळाली असतां, कोणत्याही मोठ्या रुग्णालयास शोभेल अशी आहे.

आतां पालकांस थोडें स्पष्ट सांगावयाचें आहे. त्यांनीं राग मानूं नये. मुलाला साधी सर्दी झाली तरी “डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच” असा हट्ट आपल्याकडे सर्रास धरला जातो. सुई टोंचल्याखेरीज फी वसूल झाल्यासारखी वाटत नाहीं! गोळीनें किंवा नुसत्या विश्रांतीनें जें बरें होणार, त्यासाठीं टोंचलेली प्रत्येक सुई ही उद्यांची एक उघडी सुई आहे. जी टोंचलीच नाहीं ती कोणाच्या हातांत रुतणारही नाहीं. तीच गोष्ट भेटीस जातांना नेलेल्या थर्मोकोलच्या ताटल्यांची व पाण्याच्या बाटल्यांची. घरचा पितळी किंवा स्टीलचा डबा नेण्यांत कमीपणा कसला?

शिवाय रुग्णालय आतां घरांतही आलें आहे. मधुमेहाचे कितीतरी रोगी स्वतःच्या हातांनीं रोज सुई टोंचून घेतात आणि ती सुई ओल्या केराबरोबर घंटागाडींत जाते. तेथून पुढें ती जिच्या हातीं लागते, ती बाई बहुधा हातमोज्यांवांचून केर निवडत असते. पुण्यांत १९९३ सालीं स्थापन झालेली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत अशाच स्त्री-पुरुषांची आहे. वापरलेल्या पॅडी कागदांत गुंडाळून वर तांबडा ठिपका काढावा, म्हणजे ती पुडी आम्ही उघडणार नाहीं, अशी विनंती पुण्यांतील या कचरावेचकांनीं घरोघरीं केली. एका ठिपक्याला शाई ती किती लागणार? सुयांसाठीं जाड बुडाची, फिरकीच्या झांकणाची रिकामी बाटली घ्यावी, तीवर ‘सुया’ असें मोठ्या अक्षरांत लिहावें, आणि भरली म्हणजे ती आपल्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या रुग्णालयांत विचारून तेथील पांढऱ्या डब्यासाठीं द्यावी. उरलेलीं जंतुनाशक औषधें मोरींत ओतूं नयेत. तीं सांडपाण्यांत मिसळलीं कीं जंतु त्यांना सरावतात, आणि मग तेंच औषध रोग्याला लागू पडेनासें होतें. डॉक्टरांनीं सांगितलेल्या दिवसांपुरतींच औषधें आणावीं व तीं पुरीं घ्यावीं, म्हणजे बहुधा उरावयाचींच नाहींत. चिठ्ठी लिहिण्याचें व बाटलीवर नांव घालण्याचें काम घरांतील शाळकरी मुलांनीं आजच अंगावर घेण्यासारखें आहे. अक्षर मात्र असें काढावें, कीं केर निवडणाऱ्या बाईस वाचतां येत नसल्यास तिच्यासाठीं शेजारीं सुईचें चित्रही असावें.