‘पूरक’ आणि ‘लाभार्थी’

शब्दांची छाननी हा आपला व्यवसाय. परंतु ती आपण कवितेपुरतीच राखून ठेवली आहे, असे आम्हांस वाटते. ‘पूरक पोषण आहार’ हा शब्दप्रयोग पाहा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो गावोगावच्या अंगणवाड्यांत नेला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेसाठी दररोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने ठरवून दिली. पण पूरक कशाला? मूळ जेवण घरी आहेच, असे या विशेषणात गृहीत आहे. जेथे बाई सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवते, तेथे हे गृहीतक टिकत नाही. घरी नेलेले पाकीट चार तोंडांत वाटले जाते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागांत अमृत आहार योजना आणून मातेला एक वेळचे चौरस जेवण अंगणवाडीतच देऊ केले, तेव्हा शासनाने ही विसंगती एका परीने मान्यच केली.

दुसरा शब्द ‘लाभार्थी’. कायदा मातेला हक्कदार मानतो. नोंदवही मात्र तिला लाभाची याचक ठरवते. याचकाने अन्न निकृष्ट असल्याची तक्रार करायची नसते. हक्कदाराला ती करता येते. म्हणून नोंदवहीतला हा शब्द बदलावा, अशी आमची मागणी आहे, आणि ती भाषेच्या अध्यापकांनीच प्रथम करावी.